दुसरा मंगळवार

महिन्यातला दुसरा मंगळवार.
फैजपूर स्टँडवरून साडेआठची जळगाव गाडी.
मी डाव्या अंगाची खिडकी धरते:
डावा कान केळीबागांकडे,
उजवा, चांगला, माणसांकडे.

बहिणीच्या लग्नात हौसेनं दुसरं भोक पाडलं होतं.
बंदूक लावली, टक् झालं, संपलं.
दोन महिन्यांनी तिथं हरभरा,
दिवाळीला बोर,
गुळगुळीत, जांभळट,
आणि खाज अशी की झोपेत
नखं आपली आपण तिकडे निघायची.

सासूबाई म्हणाल्या, "तुले कोणाची तरी नजर लागली व."
यावलच्या एकीनं चुना सांगितला.
मामेसासऱ्यांनी घोड्याचा केस आणून दिला, बांध म्हणून.
मी सरळ कापून घेतलं, भुसावळला.
पंधरा मिनिटं, तीन टाके,
येताना घरच्यांना पेढे.

आमच्याकडे घड उतरला की केळीचं खोड पाडतात.
एकच घाव.
दुसऱ्या दिवशी जाऊन बघा कधी:
कापलेल्या तोंडातून मधला पांढरा गाभा
बोटभर वर आलेला असतो.
त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

सहा महिन्यांत माझ्या बोराचा आवळा झाला.

डॉक्टर भारंबे कमी बोलतात.
चिमटीत धरून म्हणाल्या,
"कॅन्सर नाही. घाबरू नका.
जखम भरली, पण कातडीला थांबता येत नाहीये.
नुसतं कापलं तर परत येतं, आलंच ना?"

तापीच्या पुलावर मला मोठा भाऊ आठवला.
एकदाच हात उचलला होता त्यानं माझ्यावर,
मी नववीत असताना.
तेव्हापासून येताना दर वेळी
किलोभर शेव, पापडी, वर शंभराची नोट.
मी केव्हाच विसरले. पिशव्या थांबत नाहीत.

सुईचं दुखणं सुईचं नसतं.
औषधाला आत जागा नसते.
डॉक्टर अंगठ्याचं नख पांढरं होईस्तोवर रेटतात,
गाठ टणक, टायरच्या रबरासारखी,
मग एकदम तीही पांढरी पडते
आणि कळ दाढेपर्यंत उतरते.
मी समोरच्या खतांच्या कॅलेंडरातली एकादशी मोजते.
चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, "आज सोपं गेलं."
एवढंच. मी बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

रात्री दाबाची कुडी.
दोन पारदर्शक चकत्या, मधे स्क्रू.
आजवरचा माझा सगळ्यात महाग दागिना,
आणि तो झोपताना घालायचा.
स्क्रू वैष्णवी आवळते. तिचे हात माझ्याहून हलके.
तिलाही दुसरं भोक हवंय,
वर्गातल्या सगळ्यांना आहे.
"तुला आलं म्हणजे मलाही येईल का?"
येईल असं नाही.
येणार नाही असंही नाही.
डॉक्टरांनी "घरात आहे तर जपा" एवढंच सांगितलंय,
आणि चौदा वर्षांच्या मुलीला
एवढ्यावर नाही म्हणणं कठीण असतं.
ती तीन दिवस बोलली नाही.
स्क्रू मात्र रोज आवळायची,
एक आटा जास्तच.

हेमराजचं मोटार वाइंडिंगचं दुकान.
रविवारी तो कॅलिपर घरी आणतो,
आधी लुंगीला पुसतो,
मग माझ्या कानाला लावतो
जसा बेअरिंगला लावतो तसा, श्वास धरून.
फ्रिजच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय:
चौदा. चौदा. साडेतेरा. बारा. अकरा.
भोवतीची कातडी जराशी फिकी पडलीय,
ते त्यानं कुठे लिहिलं नाही.

काल पुन्हा अकरा.
त्यानं दुसऱ्यांदा लावून बघितलं,
बत्तीखाली नेऊन आकडा वाचला.
मग पेन्सिल कानामागे खोचली, न लिहिता.
वैष्णवी आली, तिनं ती काढून घेतली,
अकराच्या खाली अकरा लिहिलं
आणि म्हणाली,
"आई, डोकं इकडे कर."